पाळकसाहेब आठवडाभर करतात तरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरातल्या एका प्रेस्बिटेरियन वळणाच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) 'वडील', म्हणजे कारभार बघणारा, म्हणून निवडून आलेला माणूस. पोटापाण्याचा धंदा वेगळा, त्यामुळे दिवसभर ज्यांच्यात उठबस असते ते बहुतेक ख्रिस्ती नाहीत. शेजारच्या घरात काय शिजतंय याची चौकशी केल्याशिवाय कोल्हापूरकराला चैन पडत नाही, आणि ते बरंच आहे. "तुमच्या पाद्रीबाबांना पगार कोण देतं?" इथपासून "त्यांची बदली झाली तर बायका का रडत होत्या?" इथपर्यंत सगळं विचारून झालंय. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतलेत. काही प्रश्न आमच्याच तरुण पोरांचे आहेत. ती दर रविवारी चर्चमध्ये येतात, पण पाळक आणि वडीलमंडळ यांचं नातं काय, हे त्यांना कुणी धड सांगितलेलं नसतं.

त्यांना हाक काय मारायची? फादर?

पाळकसाहेब म्हणा. पत्रावर नावाआधी 'रेव्ह.' लिहा. फादर कॅथलिकांकडे. चुकून फादर म्हणालात तरी कुणी रागावणार नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या अजून 'पाद्रीसायेब' म्हणतात आणि त्यांना दुरुस्त करायला कुणी धजत नाही.

प्रेस्बिटेरियन म्हणजे नेमके कोण?

सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणा झाली. तिची एक शाखा जिनिव्हात जॉन कॅल्विनने वाढवली. तिथून जॉन नॉक्सने तो विचार स्कॉटलंडला नेला, आणि १५६० मध्ये तिथल्या पार्लमेंटने पोपची सत्ता झुगारून दिली. स्कॉटलंडमधून माणसं अमेरिकेत गेली, चर्चही त्यांच्याबरोबर गेलं. १७०६ मध्ये फिलाडेल्फियात त्यांची पहिली प्रेस्बिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांची मिळून वरची सभा, भरली. आम्ही त्या अमेरिकन फांदीचे.

बाकी प्रोटेस्टंटांहून आमचं वेगळेपण कारभारात आहे. चर्च एका माणसाच्या हुकमाने चालवायचं नाही, लोकांनी निवडलेल्या वडिलांनी पाळकाबरोबर बसून चालवायचं. 'वडील' म्हणजे वयाने म्हातारा असंच नाही, आमच्यात चाळिशीचेही वडील आहेत. मूर्ती नाहीत, संतांचे नवस नाहीत, पापकबुलीची खोली नाही. संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन.

आणि या पानाचं रूप बघून हसू येत असेल तर सांगतो, प्रश्नोत्तरांची खोड आम्हाला जुनीच आहे. १६४७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सभेने मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी एक लहान प्रश्नावली केली, तिच्यात १०७ प्रश्न आहेत. तेवढे मी इथे घालणार नाही.

हे लोक कोल्हापुरात आले कधी?

रॉयल गूल्ड वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात आले. त्याआधी ते अहमदनगरला होते. माणूस हट्टी. शाळा काढाव्यात की नुसतं उपदेशावर राहावं, या वादात त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेशीच त्यांचं बिनसलं. मग १८६१ पासून काही वर्षं त्यांनी कोल्हापूरचं मिशन कुणाच्याही छत्राशिवाय चालवलं. १८७० मध्ये अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते आपल्याकडे घेतलं. म्हणजे आमच्या शहरात प्रेस्बिटेरियन पाटी लागली ती एका भांडणाच्या पोटातून. तेव्हा मंडळीच्या वार्षिक सभेत आवाज चढले की मी फारसं मनावर घेत नाही, परंपराच आहे.

वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच कोल्हापुरात जन्मला. त्याने पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांची मोठी मिशनरी चळवळ उभी केली. वडिलांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च इथे उभं आहे, बऱ्याच जणांना ते माहीत असतं, वायल्डर कोण ते नसतं. पुढे या मिशनचा पसारा रत्नागिरी, सांगली, मिरज, कोडोली असा वाढला. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. कोल्हापुरातलं आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल, एस्तेर पॅटन हायस्कूल, मेरी वानलेस हॉस्पिटल ही त्याच मिशनची पुढची कामं. शाहू महाराजांनी जातीजातींसाठी वसतिगृहं काढली, त्यांत ख्रिस्ती मुलांनाही जागा होती. हे आमच्या घराघरांत सांगितलं जातं आणि सांगताना आवाज बदलतो.

पण पाटीवर तर 'सीएनआय' लिहिलेलं असतं?

बरोबर. १९२४ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्चं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकनही (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) आले, म्हणून बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचे धर्माधिकारी, हेही आले. ज्यांच्या पणजोबांनी बिशप नको म्हणून प्रेस्बिटरी चालवली, त्यांच्या डोक्यावर आता कोल्हापूर धर्मप्रांताचे बिशप आहेत. सगळ्यांनाच हे मानवलं असं नाही. देशात ठिकठिकाणी काही मंडळ्या वेगळ्या राहिल्या, मिळकतींवरून कोर्टकज्जे झाले. त्यात इथे शिरत नाही.

रोजच्या कारभारात जुनी सवय मात्र टिकून आहे. पाळकाने एकट्याने काही ठरवलं की वडीलमंडळातल्या कुणाच्या तरी भुवया वर जातातच.

मंडळीचा मालक कोण? पाळक की तुम्ही वडील?

कुणीच नाही, हे पुस्तकी उत्तर. ते खरंही आहे, पण त्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर.

पाळक आणि वडील मिळून जी सभा होते तिला सेशन म्हणतात. अध्यक्ष पाळक. जुन्या प्रेस्बिटेरियन भाषेत पाळकसुद्धा एक वडीलच, शिकवणारा वडील. आम्ही बाकीचे कारभार बघणारे. प्रवचन आणि संस्कार यांचं काम त्याचं. सभासद कोणाला करून घ्यायचं, कुणाच्या घरी तंटा झालाय तर कोण जाणार, संडे स्कूलला शिक्षक कोण, हे सगळं सेशनने मिळून ठरवायचं. पाळकाला वाटलं म्हणून तो कुणाला मंडळीतून काढू शकत नाही.

उलट बाजूही आहे आणि ती आमच्या लोकांना कमी ठाऊक असते. जुन्या व्यवस्थेत पाळकाचं सभासदत्व त्या गावच्या मंडळीत नसतंच. ते प्रेस्बिटरीत असतं, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील मिळून जी वरची सभा होते तिच्यात. मंडळीने त्याला बोलावलं तरी तो मंडळीचा नोकर होत नाही, त्याला जाब विचारायचा तर प्रेस्बिटरीने. गावातला एखादा पैसेवाला सभासद "मी छप्पर घालून दिलंय, माझ्याविरुद्ध प्रवचन कसं करता?" म्हणून अंगावर आला, तर पाळकाला मागे उभं राहायला एक भिंत असावी, म्हणून ही सोय. आज प्रेस्बिटरीच्या जागी धर्मप्रांताची सभा आणि बिशप आहेत, पण भिंतीचं काम तेच.

आता प्रत्यक्षात काय होतं? आमच्या सेशनच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला विषय म्हणजे ध्वनिक्षेपक. नवा घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा, आणि घ्यायचा तर कुणाच्या मेव्हण्याच्या दुकानातून. पाळकसाहेब अध्यक्षाच्या खुर्चीत, समोर चहाचे कप थंड होतायत, आणि ते मधूनमधून "बरं, पुढं?" एवढंच म्हणतात. वडिलांना बोलून घेऊ देणं हा त्यांच्या कामाचा फार मोठा भाग आहे. ज्या पाळकाला हे जमत नाही त्याचं प्रवचन कितीही सुरेख असलं तरी मंडळी त्याला मनातून आपला म्हणत नाही.

पाळक व्हायला शिकावं काय लागतं?

आधी मंडळीने आणि सेशनने म्हणायला हवं की या माणसात ते आहे. नुसतं "मला आतून हाक आली" चालत नाही. ती हाक इतरांनाही ऐकू यावी लागते. मग धर्मशास्त्राचं शिक्षण, बी.डी.ची (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदवी, चार-पाच वर्षांची. ही पदवी बहुतेक ठिकाणी बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटची (पदवी देणाऱ्या मंडळाची) असते. सेरामपूरचं कॉलेज १८१८ चं. आपल्याकडची मुलं पुण्याला बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरीत जातात, किंवा बंगळुरूला. ग्रीक आणि हिब्रू शिकावी लागते. हिब्रूने भल्याभल्यांना रडवलंय, असं त्यांच्यातलेच सांगतात.

शिकून आल्यावर उमेदवारी. एखाद्या खेड्यातल्या मंडळीत किंवा ज्येष्ठ पाळकाच्या हाताखाली. नंतर दीक्षा. तिच्यात ज्येष्ठ पाळक त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. सीएनआयमध्ये आधी डीकन (सुरुवातीची दीक्षा), मग प्रेस्बिटर (पूर्ण पाळक) अशा दोन पायऱ्या आहेत.

नेमणूक कोण करतं? पाळकाची बदली का होते?

या एका प्रश्नावरून स्कॉटलंडचं चर्च दुभंगलं होतं. तिथे गावच्या जमीनदाराला पाळक नेमायचा हक्क होता. लोक म्हणाले, आत्मे आमचे, पाळक निवडणार तुम्ही? १८४३ मध्ये साडेचारशेच्या आसपास पाळक थॉमस चामर्स यांच्यामागे बाहेर पडले. पगार, राहतं घर, चर्चची इमारत, सगळं सोडून. त्यांनी फ्री चर्च काढलं. भारतातले स्कॉटिश मिशनरी सगळे त्यांच्याबरोबर गेले, मुंबईचे जॉन विल्सनही. ज्यांच्या नावाचं चौपाटीवर कॉलेज आहे, तेच. उभी केलेली शाळेची इमारत सोडून त्यांना पुन्हा नव्याने मांडावं लागलं.

त्यामुळे पाळक मंडळीने बोलवायचा, ही गोष्ट आमच्या रक्तात आहे. आता बदल्या धर्मप्रांताकडून होतात आणि काही वर्षांनी पाळक हलतात. फायदा असा की लहान खेड्यांनाही चांगला पाळक मिळतो. तोटा असा की माणूस कुठे ओळखीचा होतो न होतो तोच ट्रक दारात. निरोपाच्या उपासनेत बायका रडतात ते उगीच नाही. ज्याने आईला माती दिली, पोरीचं लग्न लावलं, तो चालला, म्हणून रडतात. नव्याने ही सगळी माहिती कुणाला सांगायची?

रविवार सोडून उरलेले दिवस काम काय असतं?

सर्वांत आवडता प्रश्न. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर "तासाभराचं काम आणि आठवडाभर आराम" असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

घरभेटी. पाळकाचं खरं काम इथे आहे, असं माझं ठाम मत. एका संध्याकाळी दोन-तीन घरं होतात, जास्त केली तर ती भेट राहत नाही, हजेरी होते. बसायचं, चहा घ्यायचा (नाही म्हणता येत नाही), घरातल्या आजीची गुडघेदुखी ऐकायची, पोराच्या बारावीची चौकशी करायची, मग पवित्र शास्त्रातला एक लहान उतारा वाचायचा आणि प्रार्थना. वरवर पाहिलं तर काहीच घडत नाही. पण चपला घालताना घरातला माणूस फाटकापर्यंत सोडायला येतो आणि तिथे, अंधारात, गाडीला किक मारायच्या आधी, खरी गोष्ट निघते. धाकट्याने कर्ज काढलंय. सून माहेरी निघून गेलीय. डॉक्टरांनी पुण्याला जायला सांगितलंय आणि बायकोला अजून बोललेलो नाही. पाळकाबरोबर मी कितीदा गेलोय, आणि हे फाटकापाशीच होतं, आत सोफ्यावर नाही. म्हणून आमचे पाळकसाहेब गाडी मुद्दाम जरा लांब लावतात.

दवाखाने. सीपीआर या सरकारी दवाखान्याचे वॉर्ड, खासगी दवाखाने, मिरजेचं मिशन हॉस्पिटल. मिरजेला गेले की अर्धा दिवस जातो. रुग्ण आपल्या मंडळीचा असतो, पण शेजारच्या खाटेवरचा माणूस "साहेब, माझ्यासाठीबी म्हणा की" म्हणतो. मग त्याच्यासाठीही प्रार्थना. तो जोतिबाचा भक्त असेल, त्याने काय बिघडतं?

याशिवाय मधल्या वारची प्रार्थनासभा, महिला मंडळ, तरुण संघ, लग्नाआधी जोडप्याला समजावणं, दाखले लिहिणं, गटाराच्या पाइपासाठी महापालिकेत हेलपाटे. शहरातल्या पाळकाकडे आसपासच्या एखाद्या खेड्यातली लहान मंडळीही दिलेली असते. मग रविवारी सकाळी शहरात उपासना, दुपारी दुचाकीवरून पन्हाळ्याच्या वाटेने तिकडे, आणि उसाच्या मोसमात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागून रांगत परत.

प्रवचनाची तयारी करतात की सुचेल ते बोलतात?

तयारी करतात. आमच्यात व्यासपीठापेक्षा वचनाला मान, त्यामुळे प्रवचन पातळ झालं की लोक लगेच ओळखतात. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. तिसावं मिनिट उलटलं की मागच्या बाकांवर किल्ल्यांचे जुडगे वाजायला लागतात.

प्रवचनाइतकीच गाण्यांची निवड महत्त्वाची. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक आमच्या हातात असतं. त्यात नारायण वामन टिळकांची पदं आहेत. टिळक तसे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे, आमच्या मिशनचे नव्हेत, पण पेटी-तबल्यावर त्यांचा अभंग सुरू झाला की मिशन कुठलं हे कुणी विचारत नाही. पाळक बेसूर असला तर खपतं. पेटीवाला रुसला तर उपासना अवघड होते.

अंगावर काळा झगा का असतो? कधी पांढरा का?

काळा झगा आणि गळ्याशी पांढऱ्या दोन पट्ट्या ही जुनी जिनिव्हाची रीत, विद्वानाच्या झग्यावरून आलेली. पांढरा झगा आणि रंगीत पट्टा ही सीएनआयनंतर जास्त दिसणारी पद्धत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात पट्टा जांभळा. बाकी दिवशी साधा शर्ट-पँट.

लग्न संध्याकाळी सातनंतर का लावत नाहीत? मुहूर्त असतो का?

मुहूर्त नसतो, कायदा असतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लावायचं बंधन आहे. वेळ मोडून लग्न लावणाऱ्याला शिक्षा आहे, नवरदेवाला नाही. म्हणून वरात उशिरा आली की सगळ्यात घाबरलेला माणूस पाळक असतो. गंमत म्हणजे त्याच कलमात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाळकांना सूट दिलीय. आमचे पूर्वज अमेरिकन मिशनचे निघाले, काय करणार.

सगळ्याच पाळकांना लग्न लावायचा अधिकार आपोआप नसतो, अनेकांना सरकारी परवाना लागतो. किमान दोन साक्षीदार हवेत. लग्नाआधी मंडळीपुढे जाहीर सूचना वाचतात, कुणाला हरकत असेल तर तेव्हाच सांगायची. बाकी हळद, साखरपुडा, मानपान, रुसणारा मामा, हे तुमच्यासारखंच. एक पक्ष ख्रिस्ती नसेल तर? कायदा त्याला आडवा येत नाही, पण पाळक घाईने लावणार नाहीत. दोन्ही घरांशी बोलतील. शक्यतो कार्ड छापायच्या आधी या, हॉल बुक करून नव्हे.

बाप्तिस्म्याचा दाखला एवढा का मागतात लोक?

चर्चच्या कपाटात तीन जाड रजिस्टरं असतात. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. आमच्या जुन्या वह्यांतली पानं तपकिरी झालीत. शाई फिकी, अक्षर मात्र मोत्यासारखं, बाळाचं नाव, आईबापांचं नाव, गाव, पाळकाची सही. आम्ही लहान बाळांचाही बाप्तिस्मा करतो. आईबाप आणि मंडळी त्याच्या वतीने वचन देतात, आणि ते मोठं झाल्यावर शिकवण घेऊन स्वतः विश्वास कबूल करतं. प्रौढ माणूस आला तर आधी शिकवणी, मग सेशनपुढे विचारपूस. आज आला आणि उद्या पाणी घातलं, असं होत नाही.

दाखल्याचं दुखणं मात्र वेगळं. आमच्या भागातली बरीच ख्रिस्ती घराणी पूर्वाश्रमीची महार-मांग. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात धरतात. त्यामुळे कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आले की पाळकगृहाच्या ओसरीवर रांग. एकाला ख्रिस्ती असल्याचा दाखला हवा असतो. दुसऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे आणि त्याला आपलं नाव रजिस्टरात सापडूच नये असं वाटतं. पाळक काय करणार? वहीत आहे ते लिहून देणार, नाही ते लिहून देणार नाही. रांगेतल्या पोराकडे बघून मात्र पोटात कालवतं. बाप्तिस्मा घेऊन गावकुसाबाहेरची वस्ती काही गावकुसाच्या आत आली नव्हती. ज्या कागदाने शिष्यवृत्ती जाते तो कागद सही करून देणारा हात पाळकाचा असावा, हे मला कधीच पचलेलं नाही.

मयत झाल्यावर काय असतं? आम्ही आलो तर चालेल का?

जरूर या. डोक्यावर रुमाल, टोपी काही लागत नाही.

निरोप आला की पाळक हातातलं टाकून निघतात. घरी प्रार्थना, मग पेटी चर्चमध्ये, मग दफनभूमी. शक्यतो त्याच दिवशी, कोणी परगावाहून यायचं असेल तर दुसऱ्या. पावसाळ्यात अवघड होतं. खड्ड्यात पाणी साचतं, बादलीने उपसावं लागतं, कडेची माती सुटते. पाळक झग्याचा घोळ एका हातात धरून फळीवर उभे, दुसऱ्या हातात पुस्तक, कुणीतरी वरून छत्री धरलेली, आणि ते वाचतात, "मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ." मग प्रत्येकाने मूठभर माती टाकायची. तुम्हीही टाका.

तेरावं-दहावं नाही. काही दिवसांनी घरी प्रार्थना होते. आणि त्यानंतर, पाहुणे पांगले, फोन थांबले, की पाळकाची भेट हवी असते. जे पाळक महिन्याभराने पुन्हा त्या घरी जातात ते लोकांच्या लक्षात राहतात.

पगार कोण देतं? परदेशातून पैसा येतो ना?

मिशनच्या काळी येत होता. आता पाळक मंडळीच्या वर्गणीवर आणि दानार्पणावर जगतो. काही लोक दशमांश देतात, काही सुटे पैसे. पगार कमीच असतो, राहायला पाळकगृह असतं आणि ते बऱ्याचदा गळत असतं. फॉरेन फंडाची चर्चा करणाऱ्यांनी एकदा जुलैत तिथे यावं, पातेली कुठे कुठे ठेवलीत ते बघायला.

मिझोराममधले प्रेस्बिटेरियन रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि तो विकून चर्च चालवतात. १९१० पासूनची रीत. आमच्याकडे त्याच्या जवळपास जाणारं काही असेल तर हंगामाचा सण. त्या दिवशी वेदीपुढे उसाची मोळी, भुईमूग, तांदूळ, गुळाचे रवे, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की बाहेर लिलाव. खेड्यातल्या मंडळीत हा बघण्यासारखा. साधा लाल भोपळा, बाजारात ज्याला कुणी विचारणार नाही, त्याची बोली चढत चढत जाते. घेणारा पैसे भरतो आणि भोपळा परत ठेवतो, "पुन्यांदा लावा." दुसरा घेतो, तोही परत ठेवतो. शेवटी भोपळा पाळकीणबाईंच्या स्वयंपाकघरात जातो आणि पुढचे चार दिवस पाळकगृहात घारगे.

पाळक लग्न करतात?

करतात. कॅल्विननेही केलं होतं.

मग पाळकीणबाईंचं काम काय?

नेमणूकपत्रात त्यांचं नाव नसतं आणि काम मात्र पाळकाच्या बरोबरीचं. महिला मंडळ त्यांनी चालवायचं, संडे स्कूलला हात लावायचा, दारात आलेल्याला चहा, वेळी-अवेळी जेवण. नाताळात करंज्या-चकल्या-चिवडा घरच्यापुरता नाही, अख्ख्या मंडळीपुरता. पोरांनी चर्चमध्ये दंगा केला तर "पाळकांची मुलं ना ही?" साडी भारी नेसली तरी बोलणी, साधी नेसली तरी. आता बऱ्याच जणी नोकरी करतात, त्यावरही कुणीतरी नाक मुरडतंच. आमच्या सेशनमध्ये मी हे बोललो आहे, पुन्हा बोलणार आहे. एका पगारात दोन माणसं राबवून घ्यायची आपली ही सवय बरी नाही.

बाई पाळक होऊ शकते?

हो. अमेरिकेतल्या आमच्या मूळ चर्चने १९५६ मध्ये आणि चर्च ऑफ स्कॉटलंडने १९६८ मध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा खुली केली. सीएनआयमध्येही स्त्रिया प्रेस्बिटर आहेत. मनाने स्वीकारायला काही घरांना वेळ लागतोय. पण दवाखान्यात बाळंतिणीच्या खाटेशी बाई पाळक बसलेली मी पाहिलीय, आणि तिथे त्या बाईला जे बोलता आलं ते आमच्यापैकी कुणापाशी आलं नसतं.

इतर धर्मांच्या सणांत पाळक येतात का?

गल्लीतल्या गणपतीला बोलावलं तर जाऊन भेटतात, मंडळाच्या पोरांशी बोलतात. पूजेला बसत नाहीत, आणि पोरांनाही त्यात वावगं वाटत नाही. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असते, तिथे मौलाना, मंडळांचे अध्यक्ष यांच्याबरोबर पाळकांनाही बोलावतात. उलट नाताळाच्या आधी आमची गाणाऱ्यांची टोळी रात्री घराघरांतून फिरते तेव्हा शेजारची पोरंही मागे येतात. गाण्यापेक्षा शेवटच्या घरच्या मिसळीसाठी, हे उघड आहे.

पाळकांना भेटायला कधी यावं? काही आणावं लागतं का?

नारळ, हार, पाकीट काही नको. सोमवारी शक्यतो येऊ नका, बहुतेक पाळकांचा तो सुट्टीचा दिवस. शनिवारी संध्याकाळीही नको, प्रवचन अर्धवट असतं आणि मन तिकडे असतं. बाकी दिवशी आधी फोन करा. दफन किंवा आजारपण असेल तर वार-वेळ बघू नका. दाखल्यासाठी येत असाल तर आधारकार्ड आणि आईवडिलांच्या लग्नाचं साल घेऊन या. साल माहीत असलं तर वहीत नाव लवकर सापडतं, नाहीतर पाळकसाहेब, मी आणि तुम्ही, तिघंही दुपारभर पानं उलटत बसू.